आजी जास्त जगते, पण कशी?

बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, तेव्हा म्हातारपणाच्या प्रश्नात त्यांच्यासाठी वेगळं काही मागण्यात अर्थ नाही. लवकर जातो तो पुरुष, काळजी त्याची करा. हे म्हणणं हल्ली ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्याख्यानांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि घरोघरच्या गप्पांत वारंवार कानावर येतं. त्याला जोडून आणखी दोन गोष्टी सांगितल्या जातात. आजी घरात, नातवंडांत रमलेली असते, तिला निवृत्ती नसते, त्यामुळे तिला रिकामपण खायला उठत नाही. आजोबा मात्र नोकरी संपली की एकटे पडतात. आणि पाहण्यांमध्ये म्हाताऱ्या बायका जास्त आजारी दिसतात, याचं कारण एवढंच की दुखण्याखुपण्याचं बोलायची सवय बायकांना जास्त.

असं म्हणणारी माणसं बायकांची वैरी नाहीत. त्यांतल्या कितीतरी जणांनी आपल्या आईचं अंथरुणावरचं सगळं स्वतः केलेलं आहे. म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवं. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत सत्तरीतल्या बायका रोज मोजत आहेत.

आधी आयुर्मानाचं बघू. नमुना नोंदणी योजनेच्या २०१६-२० च्या आकड्यांप्रमाणे भारतात जन्माच्या वेळी अपेक्षित आयुष्य पुरुषांचं ६८.६ वर्षं आणि स्त्रियांचं ७१.४ वर्षं आहे. जवळजवळ तीन वर्षांचा हा फरक सगळे सांगतात. पण चर्चा म्हाताऱ्या माणसांची चालली असेल तर साठीला पोचलेल्यांचा आकडा घ्यायला हवा. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ साली काढलेल्या वार्धक्याच्या अहवालात तो आहे: साठीच्या पुरुषापुढे सरासरी १७.५ वर्षं, साठीच्या बाईपुढे १९ वर्षं. फरक दीड वर्षाचा. एवढ्या दीड वर्षासाठी आपण उरलेल्या साडेसतरा वर्षांकडे बघायचं सोडून देतो.

त्या साडेसतरा वर्षांत काय होतं, हे आता अंदाजाने सांगावं लागत नाही. याच मुंबईच्या संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या साथीने २०१७-१८ मध्ये वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. पंचेचाळीशीपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांना त्यांच्या घरी जाऊन भेटले, नुसतं विचारलं नाही तर मोजमापंही घेतली. साठीपुढच्या बायकांत रोजची कामं स्वतःची स्वतः करता न येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघालं. संधिवात जास्त, रक्तदाब जास्त, नैराश्य जास्त. पुरुषांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त. जगभरच्या अभ्यासकांना हे चित्र ओळखीचं आहे. पुरुषाला होणारे आजार त्याला लवकर मारून टाकतात. बाईच्या वाट्याला येणारे आजार मारत नाहीत, बसवून ठेवतात. मृत्यूच्या दाखल्यावर गुडघा लिहिला जात नाही. लघवी आवरत नाही म्हणून लग्नाकार्याला, एसटीच्या प्रवासाला, देवदर्शनाला जायचं सोडलेली बाई कुठल्याच दाखल्यावर येत नाही.

हाडांचंच उदाहरण घ्या. पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन घसरतं आणि पहिल्या काही वर्षांत हाडं फार झपाट्याने विरळ होतात. पुरुषांचीही होतात, पण सावकाश. मग एक दिवस मोरीत पाय घसरतो आणि खुबा मोडतो. इथून पुढे काय होईल हे निम्मं वैद्यकशास्त्रावर आणि निम्मं घरच्या माणसांवर ठरतं. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर माणूस काठी घेऊन का होईना, पुन्हा चालतो. नाही झाली तर अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ, आणि शेवट. ‘आता या वयात कशाला चिरफाड?’ हे वाक्य घरातल्या म्हाताऱ्यासाठीही बोललं जातं, पण म्हातारीसाठी ते फार लवकर बोललं जातं, आणि बहुतेक वेळा तीच सगळ्यांच्या आधी बोलते. खर्चाचा विषय निघाला की ‘माझं काय राहिलंय आता’ म्हणायचं, हे तिला जन्मभर शिकवलेलं असतं. याला तिची इच्छा म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही.

ही हाडं साठीत एकाएकी ठिसूळ होत नाहीत. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारनेच पाहणी करवली तेव्हा ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तिशीतल्या होत्या. पिशवी काढली की पाळी जाण्यासोबतचे बदलही लवकर येतात, अंडाशय काढले असतील तर लगेचच. म्हणजे ज्या हाडझिजेला पन्नाशीत सुरुवात व्हायची ती पस्तिशीत झाली, आणि तीही उसाची मोळी डोक्यावर असताना. या बायका साठीला पोचतील तेव्हा त्यांचं शरीर किती वर्षांचं असेल? त्या वेळी कोणी आयुर्मानाचा आकडा काढून त्यांना ‘तुम्ही नशीबवान’ म्हणणार असेल तर त्याने आधी बीडला जाऊन यावं.

आता ‘बायका बोलतात जास्त’ या म्हणण्याकडे येऊ. याचा मला सर्वांत जास्त राग आहे, कारण पुरावा नेमका उलटा आहे आणि तो आपल्याच महाराष्ट्रातून आलेला आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात जेमतेम आठ होत्या. पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, पोटातली जुनी सूज, सगळं अंगावर काढून त्या शेतात राबत होत्या. हा अभ्यास झाला तेव्हा जी पंचविशीत होती ती आज साठीच्या पुढे आहे. आज ती ‘कंबर दुखते’ म्हणते तेव्हा तिच्या बोलण्यात चाळीस वर्षांचं न बोललेलं आहे.

दुसरा पुरावा दिल्लीचा. तिथल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात २०१६ या एका वर्षात झालेल्या २३ लाखांहून अधिक भेटी तपासल्या गेल्या. स्त्रीरोग आणि प्रसूतीच्या भेटी वगळून. एका बाईमागे १.६९ पुरुष आले होते. रुग्ण जितका लांबच्या राज्यातला, तितकी बायकांची संख्या आणखी कमी. बायका दुखणी वाढवून सांगत असत्या तर त्या दवाखान्याच्या रांगेत जास्त दिसायला हव्या होत्या. त्या दिसत नाहीत. रांगेत पोचायला भाडं लागतं, सोबत माणूस लागतं, घरातली एक वेळची चूल दुसऱ्या कोणी पेटवावी लागते. या तिन्हींपैकी एकही गोष्ट तिच्या हातात नसते.

स्मृतिभ्रंशाबद्दल तर ‘सवयीने बोलतात’ असं म्हणताच येत नाही, कारण तिथे रुग्ण स्वतः सांगत नाही, चाचणी सांगते. वर सांगितलेल्या अभ्यासाच्याच एका भागातून २०२३ साली समोर आलं की देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे आणि त्याचं प्रमाण स्त्रियांत जास्त आहे. स्त्रिया जास्त जगतात हे त्याचं पूर्ण उत्तर नाही. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यात हा आजार जास्त आढळतो. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या पुरुषांत ५९ टक्के साक्षर होते, स्त्रियांत २८ टक्के. सत्तर वर्षांपूर्वी भावाला शाळेत घातलं आणि बहिणीला धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलं, त्या निर्णयाचं फळ आज तिच्या मेंदूवर दिसतं आहे.

आणि आपली मोजणी कुठे थांबते ते बघा. देशातली स्त्रियांच्या आरोग्याची सर्वांत मोठी पाहणी म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय निघाला, हा आकडा सर्वांना ठाऊक आहे. पण त्या बायका १५ ते ४९ वयाच्या. घरातल्या मारहाणीचे प्रश्न विचारले जातात त्या १८ ते ४९ वयाच्या. मूल होण्याचं वय संपलं की बाई या पाहणीच्या बहुतेक प्रश्नांतून बाहेर. पंचावन्नाव्या वर्षी तिच्या रक्तात किती हिमोग्लोबिन आहे, पासष्टाव्या वर्षी तिच्यावर हात उगारला जातो का, हे या सर्वेक्षणाला माहीत नाही. पंचेचाळीशीपुढचा तो दीर्घकालीन अभ्यास याच कारणाने मोलाचा आहे. पण जिल्ह्याचं नियोजन ज्या आकड्यांवर होतं त्यांत म्हातारी बाई जवळजवळ नाही.

आता घरात रमलेली आजी. तिचं नातवंडांवरचं प्रेम खरं आहे, कोणाला तरी आपण हवे आहोत ही भावना माणसाला धरून ठेवते हेही खरं. मी ते नाकारत नाही. पण राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. पुरुषाच्या नोकरीला ५८ किंवा ६० हे वय लिहिलेलं असतं. या २८९ मिनिटांना वय नाही. सून नोकरीला जाते म्हणून सासू पासष्टाव्या वर्षी पुन्हा पोळपाटापाशी उभी राहते. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने पुण्याला, मग सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला, जिथे तिला एकटीला दुकानापर्यंतही जाता येत नाही, आणि रक्तदाबाच्या गोळ्या इथूनच पिशव्या भरून न्याव्या लागतात. या सगळ्यांत ती रमली की नाही हे ठरवायची कसोटी एकच आहे: तिला नाही म्हणता येतं का? ‘या वर्षी मी येणार नाही, मला गुडघ्यांची ट्रीटमेंट घ्यायची आहे’ असं ती म्हणू शकते का? म्हणू शकत असेल आणि तरीही जात असेल, तर ती रमलेली आहे. नसेल तर तो बिनपगारी कामाचा शेवट नसलेला काळ आहे आणि त्याला सुख म्हणणं अन्याय आहे.

संध्याकाळी कुठल्याही गावातला ज्येष्ठ नागरिक कट्टा बघा. पारावर, देवळाच्या ओट्यावर, नगरपालिकेच्या बागेत बसलेले बहुतेक सगळे पुरुष असतात. त्या वेळी बायका कुठे असतात हे सांगायला पाहणीची गरज नाही. दिवेलागणीची वेळ स्वयंपाकाची असते.

विधवापणाबद्दल या मांडणीत एक शब्द नसतो, आणि म्हाताऱ्या बाईच्या जगण्यातली ती सर्वांत मोठी गोष्ट आहे. साठीपुढच्या निम्म्याहून अधिक बायका विधवा आहेत. विधुर पुरुष सहांत एकाच्या आसपास. नवरा चार-सहा वर्षांनी मोठा, त्यात तो आधी जाणार, विधुराचं दुसरं लग्न होणार आणि विधवेचं होणार नाही, एवढ्यात हे गणित संपतं. त्यातून निघणारा अर्थ मात्र फार खोल आहे. पुरुष म्हातारा होऊन अंथरुणाला खिळतो तेव्हा त्याच्या उशाशी बायको असते. तिची पाळी येते तेव्हा उशाशी कोणी नसतं. आयुष्यातली सर्वांत जड शुश्रूषा तिने साठीनंतर केलेली असते, स्वतःचे गुडघे गेलेले असताना, आणि ती परत मिळायची सोय नसते.

नवरा गेल्यावर ती पुढे कशावर जगते? पेन्शन असेल तर कमी होऊन येते, पण ती सरकारी नोकरदारांच्या घरांत. शेतकऱ्याच्या घरात वारसनोंद होते तेव्हा मुलांच्या सोबत तिचं नाव सात-बारावर चढतं, पण पीक विकून आलेले पैसे कोणाच्या खात्यात जातात हे गावाला माहीत असतं. माहेरच्या जमिनीत तिचा हक्क होता तो तिने केव्हाच हक्कसोडपत्रावर सही करून भावांना दिला, कारण माहेर तुटू नये. २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायकांकडची वहिती खाती शंभरात चौदाच्या आसपास होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन नवऱ्यांना आपल्या हाताने बायकोच्या नावे जमीन करायला लावली होती. त्या कामाचं महत्त्व बाईच्या म्हातारपणी सर्वांत जास्त कळतं: जिच्या नावावर दोन एकर आहे तिचा चष्मा वेळेवर बदलला जातो. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. तो ठराव मला मोठा वाटतो. त्याच्या जोडीला प्रत्येक गावात वारसनोंदीचा ठरावही व्हायला हवा.

पुरुषांचं काय, असा प्रश्न येणार. यावा. साठीपुढच्या आत्महत्यांत पुरुष बायकांपेक्षा बरेच जास्त असतात. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात देशातले ४२.४ टक्के पुरुष तंबाखू वापरत होते, बायका १४.२ टक्के, दारूतली तफावत तर विचारायलाच नको. बायको गेल्यावर पुरुष लवकर ढासळतो, कारण त्याला चहासुद्धा करायला कोणी शिकवलं नाही आणि मन मोकळं करायलाही नाही. हे दुःख खरं आहे आणि त्यावर काम व्हायलाच हवं. पण त्याची मुळं बघा: मुलाने रडायचं नाही, घरकाम करायचं नाही, दुखलं तरी दारू पिऊन विसरायचं. ज्या घडणीने आजोबांना लवकर नेलं तिनेच आजीला अंथरुणावर ठेवलं. आजोबांच्या मरणाचा दाखला देऊन आजीच्या दुखण्यावरचा खर्च अडवणाऱ्याने आजोबांसाठीही काही केलेलं नसतं.

आणि खर्च खरोखर अडतो आहे. राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली आली. गरीब ज्येष्ठांना काठ्या, श्रवणयंत्रं, चाकाच्या खुर्च्या, कवळ्या द्यायची. तिच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे की शक्यतो ३० टक्के लाभार्थी महिला असाव्यात. साठीपुढे बायकांची संख्या पुरुषांहून जास्त आहे, चालता न येणाऱ्यांत त्या जास्त आहेत, आणि सरकार त्यांच्यासाठी ३० टक्क्यांचं लक्ष्य ठेवतं, तेही ‘शक्यतो’. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. २००७ साली योजना सुरू झाली तेव्हाही तो २०० रुपयेच होता. सत्तरीपुढच्या सर्वांना पाच लाखांचं आयुष्मान कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळू लागलं हे चांगलं झालं, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर चालतं. बाईचे बहुतेक आजार दाखल होण्याचे नाहीत. गुडघे, डोळे, हाडांच्या गोळ्या, लघवीचा त्रास, हे सगळं बाहेरच्या बाहेर, खिशातून. तिला खिसा नाही.

सर्वांत ठळक गोष्ट महाराष्ट्राची आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. पासष्ट पूर्ण झाली की पैसे बंद. त्यानंतर तिने श्रावणबाळ योजनेकडे जावं अशी अपेक्षा. तिथेही १,५०० रुपये आहेत, पण नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत हवं किंवा कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मजुरीला जाणाऱ्या एका मुलाचं उत्पन्न धरलं तरी घर या मर्यादेबाहेर जातं. चौसष्टाव्या वर्षी जी बाई सरकारच्या लेखी गरजू होती ती सहासष्टाव्या वर्षी, गुडघे आणखी दुखत असताना, नवरा बहुधा गेलेला असताना, गरजू राहत नाही. हा नियम करणाऱ्यांच्या मनात म्हातारी बाई आलीच नाही, एवढाच याचा अर्थ निघतो.

तेव्हा ‘बायका जास्त जगतात’ हे वाक्य पुन्हा कोणी व्यासपीठावरून म्हणालं, तर वाचकांनी तिथेच उभं राहून विचारावं की त्या जास्तीच्या वर्षांत तिच्या औषधाचे पैसे कोण देतं. आपल्या आमदाराला पत्र लिहावं, ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढच्या सभेत ठराव मांडावा, आणि त्यात ही एक मागणी ठळक अक्षरांत घालावी: लाडकी बहीण योजनेतली ६५ वर्षांची अट काढा, किंवा श्रावणबाळ योजनेची २१,००० रुपयांची मर्यादा अडीच लाखांवर न्या.